पापाकोलेआची हिरवी पुळण: पायी कसं जायचं आणि कसं परत यायचं

हवाई बेटांवरच्या पापाकोलेआला जाणाऱ्याला खरा निर्णय गाडी लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच घ्यावा लागतो. तिथे एखादा पिकअप ट्रक उभा असतो. चालक हात करून बोलावतो, मागच्या हौद्यात आधीच चार-सहा माणसं बसलेली असतात, आणि समोर चार किलोमीटरची उघडीबोडकी, वाऱ्याने झोडपलेली वाट पसरलेली असते. हा सगळा लेख एकाच गोष्टीसाठी लिहिला आहे: ती वाट चालत जा. सकाळी निघा, पुरेसं पाणी घ्या, आणि तिथून चिमूटभरही वाळू आणू नका. नीट तयारी असेल तर हे बहुतेकांना जमण्यासारखं आहे. तयारी नसेल तर काय होतं, तेही मी पहिल्या खेपेला अनुभवलं आहे. ते पुढे सांगतो.

जागा नेमकी कुठे आहे

हवाई बेटांमधलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात तरुण बेट म्हणजे बिग आयलंड. त्याच्या दक्षिण टोकाला का लाए म्हणतात, इंग्रजीत साउथ पॉइंट. अमेरिकेच्या पन्नास राज्यांतलं हे सगळ्यात दक्षिणेचं टोक. नकाशावर आडवी रेघ ओढली तर का लाए आणि आपला कुलाबा जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात, साधारण 18.9 अंश उत्तरेला. म्हणजे मुंबईत शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो, तसाच तो इथेही येतो. ही गंमत म्हणून सांगत नाही. वारा इतका गार असतो की ऊन जाणवतच नाही, आणि ऊन मात्र मुंबईचंच असतं. या एका गोष्टीने फसून लोक तिथे भाजून निघतात.

का लाएपासून किनाऱ्या-किनाऱ्याने ईशान्येला गेलं की पुउ महाना नावाची जुन्या ज्वालामुखीची टेकडी लागते. ‘पुउ’ म्हणजे टेकडी. मौना लोआ या महाकाय ज्वालामुखीच्या नैऋत्येकडच्या भेगेशी तिचं नातं आहे आणि वय 49 हजार वर्षांहून जास्त. राखेचे थर एकावर एक बसून ती तयार झाली. पुढे समुद्राने तिची एक बाजू खाऊन टाकली, आणि उरला तो घोड्याच्या नालेसारखा अर्धगोल कडा. त्या कड्याच्या कुशीत जो किनाऱ्याचा कोनाडा आहे, तीच पापाकोलेआची पुळण.

वाळू हिरवी का

या राखेत ऑलिव्हिन नावाचं खनिज ठासून भरलेलं आहे. लोह आणि मॅग्नेशियमचं हे सिलिकेट. लाव्हारस थंड व्हायला लागला की सगळ्यात आधी ज्या खनिजांचे स्फटिक बनतात, त्यांत हे असतं. त्याचाच मोठा, स्वच्छ खडा मिळाला तर सोनार त्याला पेरिडॉट म्हणतात. लाटा कड्याचा पायथा धुतात, राख सुटते, हलकी राख आणि काचेसारखे बारीक कण पाण्याबरोबर निघून जातात, आणि ऑलिव्हिन जड असल्यामुळे मागे राहतं. आपल्याकडे सुपात धान्य पाखडतात, फोल उडतं आणि दाणा राहतो, तसंच. फक्त इथे सूप समुद्राच्या हातात आहे.

ओल्या वाळूची चिमूट तळहातावर घेऊन सावकाश पाहा. लांबून सगळी एकसारखी हिरवट दिसणारी वाळू जवळून तशी नसते. बाटलीच्या काचेच्या चुऱ्यासारखे पारदर्शक हिरवे कण, त्यांत शाईसारखे काळे बसाल्टचे कण, आणि मधूनच शिंपल्याचा किंवा प्रवाळाचा पांढरा ठिपका. हात उन्हात तिरका केला की हिरवे कण आतून उजळतात. वाळली की तीच वाळू शेवाळी-पिवळट दिसते. म्हणून फोटोत दिसतो तसा गर्द रंग बघायचा असेल तर लाट नुकतीच मागे सरली आहे तिथे बघा. इंटरनेटवरचे पाचूसारखे फोटो रंग चढवलेले असतात. ती अपेक्षा घरीच ठेवून गेलात तर खरा रंग जास्त आवडेल.

आपलं सह्याद्रीचं कातळ आणि हे बेट, दोन्ही बसाल्टचीच. आपलं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, हे काल-परवाचं म्हणावं इतकं ताजं. दख्खनच्या लाव्हाथरांचा अभ्यास करणारे लोक ‘पाहोएहोए’ आणि ‘आआ’ हे दोन शब्द वापरतात, ते मूळ हवाईयन आहेत. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला लाव्हा तो पाहोएहोए आणि खडबडीत, अणकुचीदार ढेकळांचा तो आआ. हायवे अकरावरून येताना दोन्ही रस्त्याच्या कडेला दिसतात. गाडीत मुलं असतील तर ओळखायला लावा, रस्ता पटकन सरतो.

आदल्या दिवशी काय बघून ठेवायचं

कोकणातल्या माणसाची सवय आधी भरती-ओहोटी बघायची. इथे ती सवय थोडी बदलावी लागते. हवाईत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो, मुंबईत तो चार-पाच मीटरपर्यंत जातो. त्यामुळे इथे ओहोटीची वेळ साधण्यापेक्षा लाटांची उंची बघणं महत्त्वाचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या साइटवर हवाईचं पान उघडा आणि बिग आयलंडच्या दक्षिण किंवा पूर्व किनाऱ्यासाठी ‘हाय सर्फ ॲडव्हायझरी’, म्हणजे उंच लाटांचा इशारा, आहे का ते पाहा. असेल तर दिवस बदला, किंवा कड्यावरूनच बघून परत यायचं असं ठरवून निघा. अशा दिवशी कोनाड्यातली अर्धी पुळण लाटांखाली असते. उन्हाळ्यात दक्षिणेकडून लांबच्या वादळांच्या लाटा येतात, तेव्हा हे जास्त जपायचं.

दुसरं म्हणजे पाऊस. बेटाचा हा दक्षिणेकडचा काऊ प्रदेश तसा कोरडा, पण रात्री मोठी सर येऊन गेली असेल तर वाटेवरची तांबडी माती निसरडी होते आणि बुटाला किलोकिलोने चिकटते.

तिसरं, मोबाईलचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. शेवटच्या टप्प्यात रेंजवर विसंबता येत नाही.

सामान

माणशी दोन लिटर पाणी, आणि हे कमीत कमी. आम्ही आता अडीच नेतो आणि अर्धा लिटर गाडीत ठेवतो. तळ घट्ट असलेले बूट. चपला किंवा समुद्रावरच्या सपाता पाठपिशवीत चालतील, पायात नकोत. टोपीला गळ्याखालून बांधायची दोरी हवीच, नाहीतर ती पहिल्या दहा मिनिटांत प्रशांत महासागरात जाईल. लांब बाह्यांचा पातळ शर्ट. डोळ्यांना बंद बाजूंचा गॉगल, कारण वाऱ्याबरोबर माती आडवी येते. नाकातोंडावर ओढायला सुती ओढणी किंवा पंचा, तोच नंतर अंग पुसायला.

सनस्क्रीनबद्दल एक नियम माहीत हवा. 1 जानेवारी 2021 पासून हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेलं सनस्क्रीन विकायला बंदी आहे, कारण त्यांनी प्रवाळाला इजा होते. घरून नेणार असाल तर डबीमागचं बारीक अक्षर वाचून झिंक ऑक्साइडचं घ्या.

खाणं कोरडं आणि वाऱ्यात न उडणारं असावं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यासाठी अगदी योग्य, तिखटमिठाच्या पुऱ्याही चालतात. भेळ किंवा पोह्यांचा चिवडा नेऊ नका. उघडलात की निम्मा वाळूत जातो आणि तो तिथून वेचणं अशक्य असतं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून येताना ताजी फळं, झाडपाला, अगदी कढीपत्त्याची डहाळीसुद्धा बॅगेत असेल तर ती जाहीर करावी लागते. बेटावरच्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून ही काळजी आहे. परतीच्या विमानाआधीही बॅगा तपासतात.

गाडीचा रस्ता

बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाहून निघालात तर साउथ पॉइंटपर्यंत दीड ते दोन तास धरा, पूर्व किनाऱ्यावरच्या हिलोहून जवळपास दोन तास किंवा थोडे अधिकच. व्हॉल्कॅनो नॅशनल पार्क बघून त्याच दिवशी इथे यायचा बेत बरेच जण करतात. माझं मत विचाराल तर नको. दोन्ही जागांना घाईत उरकलं की कुठलीच नीट बघून होत नाही.

हायवे अकरावर 69 आणि 70 या मैलाच्या खुणांच्या मधे साउथ पॉइंट रोडचा फाटा आहे. तो सोडण्याआधी टाकी भरलेली असू द्या. कोनाहून येताना ओशन व्ह्यू आणि हिलोकडून येताना नाआलेहु ही पेट्रोल भरायची शेवटची सोयीस्कर गावं. शौचालयाचं कामही तिथेच उरकून घ्या. पुढे सोय असेलच असं धरून चालू नका.

साउथ पॉइंट रोड साधारण एकोणीस किलोमीटर लांब. सुरुवातीला दोन गाड्यांपुरता, पुढे बऱ्याच ठिकाणी एकच गाडी जाईल एवढा. दोन्ही बाजूंना कुरणं आणि गुरं, मधूनच एकाच दिशेला झुकून तशीच वाढलेली झाडं, आणि पाकिनी नुईच्या पवनचक्क्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलेल्यांना इथे ओळखीचं वाटेल, तोच घोंघावणारा वारा आणि तेच मोकळं आभाळ. समोरून गाडी आली तर वेग कमी करून उजव्या कडेला उतरा आणि हात वर करून नमस्कार पोचवा. इथे ती पद्धत आहे आणि लोक ती मनापासून पाळतात.

शेवटाकडे रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवा का लाएच्या कड्याकडे जातो, डावा हिरव्या वाळूच्या वाहनतळाकडे. आपला डावा. भाड्याची गाडी असेल तर करार आधीच वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी घालायला मनाई असते, त्यामुळे डांबर संपलं की थांबायचं. फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी थांबायचं, कारण पुढच्या वाटेवर गाडी नेणं हीच मुळात चूक आहे. गाडीत काही दिसेल असं ठेवू नका. पासपोर्ट आणि पैसे अंगावर.

ट्रक का नको

ही जमीन डिपार्टमेंट ऑफ हवाईयन होम लँड्स या खात्याची आहे. राजपुत्र जोनाह कूहिओ कालानियानाओले यांनी अमेरिकी संसदेत लावून धरलेला कायदा 1921 साली मंजूर झाला. ज्यांच्या अंगात किमान निम्मं मूळ हवाईयन रक्त आहे अशांना घरासाठी आणि शेतीसाठी वर्षाला एक डॉलर भाड्याने 99 वर्षांच्या कराराने जमीन द्यायची, त्यासाठी सुमारे दोन लाख एकर राखून ठेवली गेली. पापाकोलेआची वाट त्या जमिनीतून जाते. म्हणजे आपण तिथे कुणाच्या तरी हक्काच्या, पूर्वजांच्या जमिनीवर पाहुणे असतो.

या वाटेवर वाहनं नेण्याला खात्याची परवानगी नाही. तरीही आसपासची काही माणसं माणशी थोडे डॉलर रोख घेऊन पर्यटकांना ट्रकमधून नेतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. काऊमध्ये कामधंदा कमी आहे, आणि ही त्यांच्याच आजोबा-पणजोबांची जमीन आहे. पण वाटेची अवस्था बघवत नाही. चाकोऱ्या खोल होत जातात, मग चालक बाजूने नवी चाकोरी पाडतात, ती खोल झाली की आणखी बाजूला. काही ठिकाणी अशा सात-आठ समांतर चाकोऱ्या आहेत आणि काहींत मी कमरेपर्यंत बुडतो. गवत गेलं, माती उघडी पडली, वारा ती समुद्रात नेतो. किनाऱ्यालगत जुन्या वस्तीच्या आणि पूजास्थानांच्या खुणा आहेत, त्यांच्यावरूनही चाकं गेली आहेत. ट्रकमध्ये एक जागा आपण घेतली की तेवढी एक फेरी जास्त होते, इतका सरळ हिशोब आहे.

प्रवेशाचे नियम बदलू शकतात. फाट्यावर आणि वाहनतळावर त्या दिवशी जी पाटी असेल ती थांबून पूर्ण वाचा. बंद असेल तर बंद, वाद घालायचा नाही.

वाट

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी बारा वाजता निघालो होतो. दोघांत मिळून लिटरभराची एक बाटली. आठ किलोमीटर तर चालायचे, सिंहगड चढणाऱ्याला त्यात काय, असं वाटलं होतं. वारा गार लागत होता म्हणून टोपीही घातली नाही. जाताना काही वाटलं नाही. परतताना तिसऱ्या किलोमीटरला बायकोला मळमळायला लागलं, डोकं धरलं, आणि आडोशाला सावली म्हणून काही नव्हतं. एका चाकोरीत बसलो, तिच्या डोक्यावर माझा शर्ट धरला. समोरून येणाऱ्या एका वयस्कर जोडप्याने त्यांच्याकडचं पाणी दिलं. त्या चार घोटांची किंमत मला अजून आठवते. पुढल्या वेळेपासून आम्ही कोनाहून पहाटे सहाला निघतो, आठच्या सुमारास चालायला लागतो, सव्वानऊपर्यंत पोचतो, अकराला उठतो आणि साडेबाराच्या आत गाडीपाशी असतो. तुम्हीही हेच वेळापत्रक धरा.

वाहनतळापासून आधी कौलानाच्या छोट्या धक्क्याकडे उतरायचं. तिथे लहान होड्या पाण्यात सोडतात. तिथून डावीकडे वळायचं, आणि मग नियम एकच: जाताना समुद्र उजव्या हाताला. चाकोऱ्या कितीही फुटल्या तरी समुद्र उजवीकडे आहे तोवर रस्ता चुकत नाही. अंतर एका बाजूला चार ते साडेचार किलोमीटर, वेळ सव्वा तास, लहान मुलं असतील तर दीड. चढ फारसा नाही, लहानसहान उतार-चढाव आहेत. त्रास होतो तो वाऱ्याचा.

व्यापारी वारे इथे ईशान्य-पूर्वेकडून येतात, म्हणजे जाताना थेट तोंडावर. त्यामुळे जाताना वेग कमी पडतो आणि दम लागतो, याची काळजी करू नका. परतताना तोच वारा पाठीवर येतो आणि ढकलत आणतो. फक्त परतीला ऊन चढलेलं असतं आणि वारा पाठीमागून असल्यामुळे अंगाला गार लागत नाही. पाणी म्हणून अर्ध्याहून थोडं जास्तच परतीसाठी राखा.

चालताना चाकोरीच्या तळातून चाललेलं बरं की कडेने? तळात वारा लागत नाही पण फुफाटा घोट्यापर्यंत असतो आणि मागून ट्रक आला तर पटकन बाहेर पडता येत नाही. गवतावरून चालाल तर उरलंसुरलं गवतही जाईल. किनाऱ्याला लागून पायवाटेच्या खुणा जिथे दिसतात तिथे ती धरा, नाही तिथे आधीच झिजलेल्या, जुन्या आणि उथळ चाकोरीतून चाला. दगडांची रचलेली चौथरी किंवा भिंती दिसल्या तर वळसा घाला. दगडावर दगड रचून मनोरे करू नका, तिथल्या लोकांना ते आवडत नाही आणि जुनं कुठलं, कालचं कुठलं हे त्यामुळे कळेनासं होतं.

वाटेत काही थांबण्यासारखं विशेष नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. उजवीकडे काळ्या खडपांवर लाटा फुटतात, आणि दोन खडपांच्या बेचक्यांत पसाभर हिरवी वाळू आधीच साठलेली दिसायला लागते. पुढे काय आहे याची ती पहिली चाहूल. डिसेंबर ते एप्रिलमध्ये गेलात तर समुद्राकडे अधूनमधून नजर टाका. कुबडे देवमासे तेव्हा हवाईच्या पाण्यात असतात आणि त्यांचे फवारे किनाऱ्यावरून दिसतात.

शेवटच्या टप्प्यात समोर थरांचा करडा-तपकिरी उंचवटा दिसतो. तोच पुउ महाना. जवळ गेलात की पायाखाली एकदम कोनाडा उघडतो, तोवर तो दिसत नाही.

उतरणं

कड्याच्या काठावर वारा इतका असतो की उभ्या माणसाचा तोल जातो. काठापासून दोन पावलं मागे थांबा, मुलांचे हात धरा, आणि आधी पाच मिनिटं वरून पाण्याकडे बघा. लाटा किती वर येतात, दोन मोठ्या लाटांत किती वेळ जातो, खाली लोक पाण्यात आहेत की लांब बसलेत, हे सगळं इथूनच कळतं. पुळणीचा वरचा भागही ओला दिसत असेल तर खाली उतरू नका.

उतरायला सुरुवातीला खडकातला थोडा अवघड टप्पा आहे, तिथे हात मोकळे हवेत. मोबाईल खिशात, पिशवी पाठीवर. तोंड खडकाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरायचं. त्यानंतर तिरका वाळूमिश्रित उतार लागतो, तिथे टाचा रोवत सावकाश. वरून येणाऱ्याने खालच्या माणसाला जागा द्यायची, कारण सुटलेला दगड थेट खाली जातो. राखेचा कडा ठिसूळ आहे. सावली मिळते म्हणून त्याच्या अगदी तळाशी टेकून बसू नका. बसायची जागा पुळणीच्या वरच्या अंगाला, कड्यापासून थोडी सुटी अशी निवडा. उतारावर वाळूत घसरगुंडी खेळू नका, मुलांनाही सांगा. प्रत्येक घसरण्याबरोबर वरची वाळू खाली जाते आणि लाट ती घेऊन जाते. ती पुन्हा वर जात नाही.

पाण्यात जायचं का

इथे जीवरक्षक नाही, बाहेर लाटा अडवणारं प्रवाळाचं कुंपण नाही, आणि कोनाड्याचं तोंड थेट महासागराकडे. का लाएच्या बाजूचा प्रवाह किती जोरकस आहे हे तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. त्या प्रवाहाला हालाएआ या लोभी सरदाराचं नाव आहे. तो रोज कोळ्यांच्या होड्यांतली सगळी मासळी स्वतःसाठी उचलायचा. एक दिवस कोळ्यांनी ठरवून आपापली मासळी त्याच्याच होडीत ओतायला सुरुवात केली, होडी भारानं बुडाली, आणि प्रवाह त्याला घेऊन गेला, अशी ती गोष्ट.

म्हणून पोहायला चांगलं येत असलं तरी शांत दिवशीच, आणि गुडघ्या-मांड्यांइतक्याच पाण्यात. किनारा तीव्र उताराचा आहे, दोन पावलांत तळ सुटतो आणि परतणारी लाट पाय ओढते. पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका. एकट्याने जाऊ नका. कोकणात आपण ‘समुद्राला पाठ दाखवू नये’ म्हणतो, ते इथे शब्दशः पाळायचं. लहान मुलांना पाण्यात मी नेत नाही. त्यांना ओल्या वाळूतले काळे आणि हिरवे कण वेगळे करायला बसवलं की तास जातो.

आणि जमीन जोरात हादरली तर? 2 एप्रिल 1868 रोजी याच काऊ प्रदेशात 7.9 च्या आसपासच्या तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीने किनाऱ्यावरची गावं धुऊन नेली. 1975 साली नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा मोठा भूकंप झाला, तेव्हा याच किनाऱ्यावर पूर्वेला हालापे इथे मुक्कामाला असलेल्या दोघांचा लाटेने जीव घेतला. उभं राहणं कठीण व्हावं इतका धक्का बसला तर सामान तिथेच टाकून लगेच वर चढायचं. भोंग्याची वाट बघायची नाही.

काठावर कासव किंवा सील पहुडलेलं दिसलं तर कासवापासून वीस फूट आणि सीलपासून पन्नास फूट तरी लांब राहा. हवाईयन मंक सील जगातल्या दुर्मीळ सीलपैकी एक आहे. ते निवांत झोपलेलं असतं, मेलेलं नसतं. पाण्यात ढकलायचा प्रयत्न करू नका.

वाळू

छोट्या डबीत भरून नेलेली वाळू मी पुण्यातल्या एका घरी शोकेसमध्ये पाहिली आहे. तिथे ती नुसती मळकट शेवाळी पूड दिसत होती, कुणी विचारलं तरच सांगायचं. हवाईत किनाऱ्यावरची वाळू नेणं बेकायदा आहे. पण कायद्याआधी एक साधी गोष्ट: या कोनाड्याला वाळूचा पुरवठा एकाच टेकडीतून होतो, आणि अर्धी टेकडी संपलेली आहे. वर चढण्याआधी तिथेच बूट काढून उलटे करा, टॉवेल झटका, मुलांचे खिसे रिकामे करा. तरी घरी गेल्यावर पिशवीच्या शिवणीत दहा-वीस कण सापडतातच, तेवढ्याचं वाईट वाटून घेऊ नका.

कचरा, फळांच्या सालींसकट, परत आणायचा. जेवणानंतर आम्ही रिकाम्या डब्याच्या पिशवीत वाटेवरच्या चार-पाच बाटल्याही उचलतो. वारा पाठीवर असतो, ओझं वाटत नाही.

आई-बाबा बरोबर असतील तर

गुडघे दुखणारे, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आई-बाबा असतील तर त्यांना ही वाट चालवायचा आग्रह नको. ट्रकचा हौदा त्यांच्या पाठीला चालण्याहून वाईट. त्यांच्यासाठी दुसरा दिवस आखा. रस्त्याच्या उजव्या फाट्याने का लाएला जा, गाडी कड्याच्या जवळपर्यंत पोचते. तिथे कालालेआ नावाचं कोळ्यांचं जुनं पूजास्थान आहे. दगडी भिंतीच्या आत जायचं नाही, बाहेरून हात जोडायचे. त्याच्या जवळच्या कातळात माणसांनी कोरलेली भोकं आहेत. जुने हवाईयन कोळी त्यांतून दोर ओवून होड्या बांधायचे आणि प्रवाहात वाहून न जाता खोल पाण्यातली मासळी पकडायचे. माझ्या वडिलांनी त्या भोकात बोट घालून आतली गुळगुळीत झालेली कड चाचपली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. ते मूळचे हर्णैचे.

कड्यावरून पाण्यात उड्या मारणारी तरुण मंडळी तिथे दिसतील. आपण मारायची नाही.

मग हायवेवर येऊन नाआलेहुकडे वळा, तिथल्या बेकरीत गोड पाव मिळतो, आणि पुढे पुनालुउच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर जा. तिथे गाडीतून उतरून पन्नास पावलांत वाळू लागते, नारळाची सावली आहे, शौचालय आहे, आणि बहुतेक वेळा हिरवी समुद्री कासवं उन्हात येऊन पडलेली असतात. सायंकाळी चारच्या पुढे ऊन उतरलं की आई-बाबांना तिथे बसवा आणि चहाचा थर्मास उघडा.